ह्यातलं कुठलं बंद करू

साल्तो गावात दुपारी दोन ते चार
कुणी औषध विकत घेत नाही.
कुत्रीसुद्धा सावली सरकली तरी उठत नाहीत.
म्हणून एचेगोयेन तेव्हाच येतो.
आधी खोकल्याच्या गोळ्या,
मग दाढीची पाती,
मग वजनकाट्यावर उगाच उभा राहतो.

मी थांबते.
सव्वीस वर्षं ह्या काउंटरमागे काढली,
खरी मागणी तिसऱ्या वस्तूनंतर येते.

"आणि ती निळी. भाच्यासाठी."

भाच्याला मी ओळखते.
त्याला तीन पोरं, चौथं वाटेवर.

आत जाते. डबा काढत नाही,
कार्ड काढते:
एउसेबिओ एचेगोयेन, एकाहत्तर.
छातीवर रोज एक पट्टी, सकाळी लावायची, झोपताना काढायची.
जिभेखाली मारायचा फवारा, लागेल तेव्हा.
कोलेस्टेरॉलची गोळी, रात्री.
खाणावळीत बिल ठेवतात तसं
ते पालथं ठेवते त्याच्यासमोर.

"बागेला दारं धरतोस ना रात्री?
ही पट्टी एक बांध फोडते. ती निळी गोळी दुसरा.
दोन्ही एकदम फुटले
की पाणी सगळं खालच्या वाफ्यात,
वरची रांग कोरडी.
वरची रांग म्हणजे तुझं डोकं, एउसेबिओ.
आणि मधली, तुझं काळीज."

पंखा दोनदा कुरकुरला.

"मग ह्यातलं कुठलं बंद करू?"

कुठलं झाड तोडू, असं विचारावं
तसं विचारलं त्यानं.
खोक्यातल्या घडीच्या कागदावर ह्याचं उत्तर नसतं.
तिथे एवढंच असतं: एकत्र घेऊ नये.

"तुझ्या मनानं कुठलंच नाही.
मंगळवारी डॉक्टर बायेता बसते, तिला विचार."
"ती बाई आहे."
"मीही आहे."

तेव्हा पहिल्यांदा हसला.
पाती घेतली, सुटे पैसे विसरला.

शनिवारी नदीपलीकडून, कोंकोर्दियाहून लाँच आली.
साठीची एक बाई, सँडल ओले, ओठ ताजे रंगवलेले,
सरळ काउंटरवर.
मागे चार माणसं उभी.
ना खोकला, ना पाती.

"मी ओदिला. त्याची पट्टी मी पाहिली आहे.
काल खिशात पाकीटही सापडलं,
कुठल्याशा बस ड्रायव्हरकडून आणलेलं.
त्यानं घेतली, आणि छातीत दुखलं,
तर मी काय करायचं?"

मागची चारही माणसं
एकदम टूथपेस्ट वाचू लागली.

मी बिलाच्या पाठीवर लिहिलं:
*फवारा मारायचा नाही.
अँब्युलन्स.
काय घेतलं, किती वाजता, हे सगळ्यात आधी सांगायचं.
लाजायचं नाही.*
त्याखाली: *चोवीस तास.
लांब टिकणारी असेल तर अठ्ठेचाळीस, निदान.*
आणि पाकीट काढून घे म्हटलं, आजच.

तिनं कागद चष्म्याच्या डबीत ठेवला.
दारापर्यंत गेली, वळली.
"मी दर शनिवारी लाँचनं
त्याच्यासाठीच येते, त्या एवढ्याशासाठी नाही.
हे त्याला कुणी सांगेल का?"

मी सांगितलं नाही.
ते औषध माझ्याकडे मिळत नाही.

मंगळवारी तो अकराला आला. भर गर्दीत.
डॉक्टर काय म्हणाली ते बोलला नाही.
पाकीट काउंटरवर टाकलं, न उघडलेलं,
शेजारी ग्रेपफ्रूटची पेटी.
"तुझ्यासाठी. माझ्या झाडाची.
मी स्वतः रोज सकाळी दोन खातो,
चाळीस वर्षं."

मी पेटीकडे पाहिलं.
मग कार्डाकडे.
कोलेस्टेरॉलच्या त्या ओळीकडे.
सव्वीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं
सकाळी काय खातोस.

"एउसेबिओ," म्हटलं, "जरा बस."

त्यानं पेटीवर हात ठेवला,
पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.
"हेसुद्धा?"